ध्रुवीय प्रकाश आणि झोपेचं औषध

जून १९१७. टोकियोच्या उएनो भागातल्या सेइयोकेन हॉटेलात एक नॉर्वेजियन प्राध्यापक उतरला होता. वय एकोणपन्नास, पण पाहणाऱ्याला साठीचा वाटावा असा. टक्कल पडलेलं, चष्मा, नजर थकलेली. १५ जूनच्या सकाळी तो खोलीत मृतावस्थेत आढळला. शवचिकित्सेत कारण सापडायला वेळ लागला नाही. झोपेसाठी तो घेत असलेल्या व्हेरोनाल या औषधाची नेहमीच्या मात्रेच्या सुमारे वीसपट मात्रा त्याच्या पोटात गेली होती.

या प्राध्यापकाचं नाव ख्रिस्तियान बिर्कलँड. सूर्याकडून येणारे विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात शिरताना कोणत्या वाटेने जातात, हे पहिल्यांदा प्रयोग करून दाखवणारा माणूस. हवेतल्या नायट्रोजनपासून खत बनवण्याचा पहिला मोठा कारखाना ज्याच्या शोधावर उभा राहिला, तोही हाच. पुढे नॉर्वेच्या दोनशे क्रोनरच्या नोटेवर त्यांचं चित्र छापलं गेलं. मात्र ज्या सिद्धांतासाठी त्यांनी तब्येत, संसार आणि पैसा पणाला लावला, तो खरा ठरलेला पाहायला ते जगले नाहीत. मृत्यूनंतर जवळजवळ पन्नास वर्षं तो सिद्धांत अडगळीत पडून होता.

बिर्कलँड यांचा जन्म १३ डिसेंबर १८६७ रोजी ख्रिस्तियानिया इथे, म्हणजे आजच्या ऑस्लोत झाला. लहानपणी साठवलेल्या पैशांतून त्यांनी पहिली वस्तू विकत घेतली ती लोहचुंबक, असं सांगतात. गोष्ट खरी असो वा नंतर रचलेली, माणसाला शोभणारी आहे. गणितात गती विलक्षण होती. अठराव्या वर्षी पहिला शोधनिबंध झाला. पुढे शिष्यवृत्तीवर पॅरिस, जिनिव्हा आणि बॉन इथे शिक्षण झालं. पॅरिसला हेन्री प्वांकारे या थोर गणितज्ञाचा सहवास मिळाला. १८९५ मध्ये बिर्कलँड यांनी मॅक्सवेलच्या विद्युतचुंबकीय समीकरणांची सर्वसाधारण उकल प्रसिद्ध केली. एवढ्या भांडवलावर एखाद्याने आयुष्यभर कागद-पेन्सिलीवर निवांत प्राध्यापकी केली असती. एकतिसाव्या वर्षी प्राध्यापकपद मिळालंही. परंतु तोवर त्यांना एका निर्वात नळीने वेड लावलं होतं.

त्या काळात युरोपातल्या प्रत्येक भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत कॅथोड किरणांचे प्रयोग चालत. काचेच्या नळीतली हवा काढून घ्यायची, दोन टोकांना विजेचा दाब द्यायचा, की ऋण टोकाकडून किरण निघतात आणि समोरची काच चमकू लागते. हे किरण म्हणजे नेमकं काय, हे कोणालाच माहीत नव्हतं. जे. जे. थॉमसन यांनी हे ऋणभारित कण आहेत हे सिद्ध केलं १८९७ मध्ये. त्याच्या थोडं आधी बिर्कलँड यांनी अशा नळीजवळ एक जोरदार चुंबक धरून पाहिला. चुंबक बाजूने आणला तर किरण वाकतात, हे ठाऊक होतं. पण चुंबकाचं टोक समोरून जवळ आणलं, तेव्हा किरण पसरण्याऐवजी एकवटले आणि नरसाळ्यातून तेल ओतावं तसे टोकाकडे ओढले गेले. प्वांकारे यांनी लगेच त्याचं गणित मांडून दाखवलं. विद्युतभारित कण चुंबकाच्या बलरेषेला वेटोळे घालत घालत पुढे सरकतो.

हे पाहून बिर्कलँड यांच्या मनात जे आलं ते १८९६ मध्ये त्यांनी छापून टाकलं. पृथ्वी हाही एक चुंबकच आहे. सूर्याकडून असेच कॅथोड किरण निघत असतील, तर पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र त्यांना ध्रुवांकडे वळवील. तिथे ते हवेवर आदळले की हवा चमकेल. उत्तर नॉर्वेच्या आकाशात हिवाळ्याच्या रात्री हिरव्या-तांबड्या पडद्यांसारखा हलणारा जो प्रकाश दिसतो, तो हाच असणार.

आज ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात असते, म्हणून तिचं धाडस कळत नाही. सूर्य आणि पृथ्वी यांच्यामधल्या पंधरा कोटी किलोमीटरच्या पोकळीत काहीही नाही, अशी तेव्हा पक्की समजूत होती. चारच वर्षांपूर्वी, १८९२ मध्ये, लॉर्ड केल्व्हिन यांनी रॉयल सोसायटीत गणित मांडून पृथ्वीवरच्या चुंबकीय वादळांशी सूर्याचा थेट संबंध असणं अशक्य ठरवलं होतं. केल्व्हिनचा शब्द म्हणजे त्या काळी काळ्या दगडावरची रेघ.

प्रयोगशाळेतल्या नळीवरून आकाशाविषयी बोलायचं तर आकाशाकडेही गेलं पाहिजे, हे बिर्कलँड जाणून होते. त्यांनी नॉर्वेच्या अगदी उत्तर टोकाला, फिनमार्क प्रांतात, हिवाळी मोहिमा काढल्या. या मोहिमांची किंमत तरुण मुलांनी मोजली. ब्योर्न हेलंड-हान्सेन नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी अशाच एका मोहिमेत हिमवादळात सापडला. हिमदंशात आधी रक्तवाहिन्या आकसतात, मग पेशींमधलं पाणी गोठतं, स्पर्श हरपतो आणि दुखणंही थांबतं. दुखणं थांबलं म्हणजे बरं वाटतंय असा समज होतो, आणि तिथेच घात होतो. ऊब मिळाल्यावर बोटं काळी पडू लागली की वेळ निघून गेलेली असते. हेलंड-हान्सेनची अनेक बोटं कापावी लागली. वैद्यकी सुटली. तो पुढे समुद्रविज्ञानाकडे वळला आणि त्या शास्त्रातल्या अग्रगण्यांपैकी एक झाला, ही नशिबाची भरपाई म्हणायची तर म्हणावी. १८९९-१९०० च्या हिवाळ्यात आल्टा गावाजवळच्या हाल्डे पर्वतावर, सुमारे नऊशे मीटर उंचीवर, दगडी वेधशाळा बांधून मंडळी राहिली, तेव्हा एक तरुण सहायक हिमकडा कोसळून त्याखाली गेला.

बिर्कलँड थांबले नाहीत. १९०२-०३ मध्ये त्यांनी एकाच वेळी चार ठिकाणी माणसं आणि यंत्रं बसवली. नॉर्वेतला कोफ्योर्ड, आइसलंड, स्पिट्सबर्गन आणि नोवाया झेम्ल्या. प्रत्येक ठिकाणी बारीक चुंबकसूच्या टांगलेल्या, त्यांच्या आरशावरून परावर्तित होणारा प्रकाशाचा ठिपका फोटोच्या फिरत्या कागदावर रेघ काढणारा. आकाशात प्रकाश नाचू लागला की रेघही नाचे. जगभरच्या इतर वेधशाळांच्या नोंदीही त्यांनी मागवून घेतल्या.

अशा नोंदींची परंपरा आपल्याकडेही जुनी आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत सप्टेंबर १८५९ च्या महाभयंकर सौरवादळात चुंबकसूची किती ढळली याची नोंद झाली होती. आजही जगभरचे अभ्यासक त्या वादळाची ताकद मोजताना कुलाब्याच्या त्या आकड्याचा आधार घेतात. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने नाजूक सूच्या भरकटणार, म्हणून १९०४ पासून हे काम अलिबागला हलवण्यात आलं आणि ते तिथे अजून चालू आहे.

चार ठाण्यांच्या आणि इतर वेधशाळांच्या रेघा शेजारी शेजारी मांडून बिर्कलँड एका निष्कर्षावर आले. ध्रुवीय प्रकाशाच्या वेळी आकाशात शंभर-एक किलोमीटर उंचीवर विजेचा आडवा प्रचंड प्रवाह वाहतो. प्रवाह कुठून तरी यायला हवा आणि कुठे तरी जायला हवा. त्यांचं म्हणणं, तो अवकाशातून उभ्या वाटेने, चुंबकीय बलरेषांना धरून खाली उतरतो, काही अंतर आडवा जातो आणि तसाच दुसऱ्या रेषेवरून वर निघून जातो. नदीच्या पात्राचा मधला तुकडा जमिनीवरून दिसावा, आणि उगम व मुख दोन्ही आभाळात असावीत, तसं. यावर त्यांनी लिहिलेला जाडजूड ग्रंथ १९०८ आणि १९१३ मध्ये दोन भागांत आला.

विमानं अजून धड उडत नव्हती, तिथे अवकाशात जाऊन हे तपासणार कोण? मग बिर्कलँड यांनी अवकाशच खोलीत आणलं. काचेच्या जाड भिंतींची पेटी, आतली हवा पंपाने काढलेली. मध्ये टांगलेला धातूचा गोळा, त्याच्या पोटात विद्युतचुंबक आणि बाहेरून चमकणाऱ्या रसायनाचा लेप. ही छोटी पृथ्वी. तिला टेरेला म्हणत. हा शब्द इंग्रज शास्त्रज्ञ विल्यम गिल्बर्ट यांनी १६०० मध्ये आपल्या चुंबकगोलासाठी वापरला होता, आणि गंमत म्हणजे गिल्बर्ट पेशाने डॉक्टर होते. पेटीच्या एका बाजूचं ऋणाग्र म्हणजे सूर्य. वीज सुरू केली आणि गोळ्यातला चुंबक बंद असला, की सूर्याकडची अख्खी बाजू चमके. चुंबक चालू केला की चमक सरकत सरकत दोन्ही ध्रुवांभोवतीच्या कंकणाकृती पट्ट्यांत जमा होई. बिर्कलँड यांचा सर्वांत मोठा गोळा सुमारे ३६ सेंटिमीटर व्यासाचा आणि पेटी हजार लिटरच्या घरातली होती. अंधाऱ्या खोलीत, डोक्यावर लाल तुर्की टोपी घालून हा माणूस तासन्‌तास त्या गोळ्यापुढे बसलेला असे, असं त्याच्या भोवतालचे लोक सांगत.

त्या पेटीत काय घडत होतं, ते जरा सावकाश पाहायला हवं. इलेक्ट्रॉन हा अत्यंत हलका कण. चुंबकीय क्षेत्रात तो सरळ जाऊ शकत नाही. क्षेत्र त्याला सतत बाजूला ढकलतं, म्हणून तो बलरेषेभोवती गोल फिरू लागतो. रेषेच्या दिशेने मात्र त्याला अडवणारं काही नसतं. दोन्ही मिळून त्याची वाट स्प्रिंगसारखी होते. जणू तारेत ओवलेला मणी, तारेवरून सरकेल, तार सोडणार नाही. आता पृथ्वीच्या बलरेषा ध्रुवांपाशी दाटीवाटीने एकत्र येतात. तिथे क्षेत्र वाढतं, इलेक्ट्रॉनची वेटोळी घट्ट होत जातात आणि पुढे जाण्याची गती कमी होत होत एका जागी तो उलटा फिरतो. मग दुसऱ्या ध्रुवाकडे धावतो आणि तिथूनही परततो. असे कोट्यवधी कण उत्तर-दक्षिण येरझारा घालत असतात. ज्यांची दिशा बलरेषेशी जवळजवळ समांतर असते तेवढेच परतण्याआधी हवेत शिरतात. सुमारे शंभर किलोमीटर आणि त्याहून वर ते ऑक्सिजनच्या अणूंना धडकतात आणि आकाश हिरवं होतं.

बिर्कलँड यांचे सहकारी कार्ल स्टर्मर यांनी या वाटांचं गणित हातात घेतलं. संगणक नव्हते. विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन हजारो तास बसून, पायरी पायरीने आकडेमोड करत त्यांनी एकेका कणाची वाट कागदावर काढली. काही वाटा पृथ्वीपर्यंत पोहोचतात, काही पृथ्वीला वळसा घालून परत जातात, काही जागा अशा की तिथे बाहेरचा कण शिरूच शकत नाही. सुमारे पन्नास वर्षांनी उपग्रहांना पृथ्वीभोवती कैद झालेल्या कणांचे पट्टे सापडले, तेव्हा स्टर्मर यांची जुनी चित्रं पुन्हा उघडली गेली.

संशोधनाला पैसा लागतो, आणि ध्रुवीय प्रकाशाला कोणी पैसा देत नाही. म्हणून बिर्कलँड यांनी तोफ बनवली. दारूऐवजी विजेच्या वेटोळ्यांनी लोखंडी गोळा फेकणारी. १९०३ मध्ये विद्यापीठाच्या सभागृहात मान्यवरांसमोर तिचं प्रात्यक्षिक ठेवलं. खटका दाबताच शॉर्टसर्किट झालं, डोळे दिपवणारा जाळ आणि कान बधिर करणारा आवाज. मंडळी घाबरून उठली. तोफ विकत घ्यायला कोणी उरलं नाही.

पण त्या जाळात पुढच्या गोष्टीचं बीज होतं. थोड्याच दिवसांत एका मेजवानीत बिर्कलँड यांची गाठ साम ऐडे या उद्योजक अभियंत्याशी पडली. ऐडे यांच्याकडे धबधब्यांचे हक्क होते, म्हणजे स्वस्त वीज होती, आणि त्यांना हवा होता कृत्रिम खताचा मार्ग. युरोपची शेती तेव्हा चिलीहून बोटीने येणाऱ्या सोऱ्यावर चालत होती आणि तो साठा संपला तर गहू कुठून आणायचा, ही धास्ती होती. ऐडे यांना पृथ्वीवरची सगळ्यांत मोठी कृत्रिम वीज हवी होती, आणि बिर्कलँड यांच्याकडे ती नुकतीच, नको तेव्हा, निर्माण झाली होती. चुंबकीय क्षेत्रात विजेचा लोळ पसरून तबकडीसारखा होतो, हे त्यांनी ओळखलं होतं. त्या तबकडीतून हवा सोडली, की तीन हजार अंश सेल्सियसच्या आसपासच्या तापमानात हवेतले नायट्रोजन आणि ऑक्सिजन एक होतात. त्यातून नायट्रिक आम्ल, आणि चुनखडीशी संयोग करून खत. १९०५ मध्ये नोटोडेन इथे कारखाना सुरू झाला आणि त्याच वर्षी नॉर्स्क हायड्रो ही कंपनी स्थापन झाली. नॉर्वे स्वीडनपासून वेगळा होऊन स्वतंत्र झाला तेही त्याच वर्षी. पुढे जर्मनीत हाबर आणि बॉश यांची कमी वीज खाणारी पद्धत आली आणि बिर्कलँड-ऐडे पद्धत हळूहळू मागे पडली. मात्र हवेतून खत काढून कारखाना चालवता येतो, हे दाखवण्याचा मान नॉर्वेकडे राहिला. त्यातून मिळालेला पैसा बिर्कलँड यांनी टेरेलाच्या पेट्यांत ओतला. नोबेलसाठी त्यांचं नाव अनेकदा सुचवलं गेलं, मिळालं कधीच नाही.

दिवसा कारखाना, रात्री प्रयोगशाळा, मधल्या वेळात विद्यापीठ आणि ग्रंथाची मुद्रितं. १९०५ मध्ये लग्न झालं. सहा वर्षांनी ते मोडलं. मूल नव्हतं. ऐकू कमी येऊ लागलं होतं. झोप तर केव्हाच उडाली होती.

१९०३ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर आणि वैद्य योसेफ फॉन मेरिंग यांनी बार्बिटाल नावाचं झोपेचं औषध जगापुढे आणलं. व्यापारी नाव व्हेरोनाल. बार्बिच्युरेट वर्गातलं हे पहिलं औषध. आधीच्या औषधांची चव आणि वास भयंकर होता. व्हेरोनालला वास नाही, चव जराशी कडू, आणि झोप मात्र हमखास. सुरक्षित म्हणून त्याचा गवगवा झाला आणि ते सहज मिळू लागलं. त्यातला धोका सावकाश लक्षात आला. हे औषध शरीरातून बाहेर पडायला दिवस लागतात. आजची मात्रा पुरती गेलेली नसते तोच उद्याची येते, आणि रक्तात साठा होत जातो. मेंदू त्याला सरावतो, म्हणून झोपेसाठी मात्रा वाढवावी लागते. श्वास बंद पाडणारी मात्रा मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. झोप आणणारी मात्रा आणि मारणारी मात्रा यांच्यातली भिंत रोज थोडी थोडी पातळ होते. जोडीला मद्य असेल तर आणखी पातळ, आणि बिर्कलँड मद्यही घेत. बरं, एकदम थांबवावं तर हातपाय कापतात, फिट येतात, नसलेल्या गोष्टी दिसतात आणि संशय बळावतो. औषध घेतलं तरी माणूस धुंदीत, सोडलं तरी भ्रमात. आज आपण याला औषधाचं अवलंबित्व म्हणतो आणि त्यावर उपचार करतो. त्या काळी ती माणसाची विक्षिप्तता समजली जाई. विक्षिप्त प्राध्यापक तर सगळ्यांना आवडतातच.

१९१३ च्या सुमारास बिर्कलँड नॉर्वे सोडून इजिप्तला गेले. निमित्त होतं राशिप्रकाशाचं. सूर्यास्तानंतर किंवा पहाटेपूर्वी क्षितिजावर शंकूसारखा मंद उजेड दिसतो, तो वाळवंटाच्या निरभ्र आकाशात चांगला टिपता येतो. तोही सूर्याकडून येणाऱ्या इलेक्ट्रॉनमुळेच असावा, अशी त्यांची अटकळ होती. ती चुकीची होती. राशिप्रकाश हा अवकाशातल्या धुळीवरून परतणारा सूर्यप्रकाश असतो. हातात एक किल्ली सापडली, की प्रत्येक कुलपाला तीच लावून पाहण्याचा मोह मोठ्या माणसांनाही होतो. शनीची कडी, धूमकेतूंची शेपटं, ताऱ्यांचा जन्म, सगळीकडे त्यांनी टेरेला नेला. तरी याच काळात त्यांनी एक गोष्ट अचूक मांडली. सूर्याकडून फक्त ऋणभारित कण येतील तर ते एकमेकांना दूर ढकलून पांगतील, हा आर्थर शूस्टर यांचा आक्षेप रास्त होता. बिर्कलँड यांनी १९१६ मध्ये लिहिलं की सूर्याकडून ऋण आणि धन असे दोन्ही प्रकारचे कण एकत्र येत असले पाहिजेत. आज याला आपण सौरवारा म्हणतो.

कैरोजवळच्या हेलवान गावी राहत असताना महायुद्ध सुरू झालं. युरोपचे समुद्र पाणबुड्यांनी भरले. आपल्या जुन्या तोफेचं गुपित काढण्यासाठी इंग्रज हेर मागावर आहेत, असं बिर्कलँड यांना वाटू लागलं. इजिप्त इंग्रजांच्या ताब्यात होता आणि युद्धात परदेशी माणसावर नजर असणारच, तेव्हा संशयाला टेकू मिळत गेला. पण रोजच्या व्हेरोनालने आणि अपुऱ्या झोपेने पोखरलेल्या मेंदूला टेकू पुरतो, भिंत तो स्वतः बांधतो. १९१७ मध्ये ते मायदेशी निघाले, तेही पूर्वेकडून लांबचा वळसा घालून. जपानमध्ये तोराहिको तेरादा हे ओळखीचे भौतिकशास्त्रज्ञ होते. पूर्वी ते युरोपात असताना दोघांची भेट झाली होती. टोकियोत बिर्कलँड यांनी तेरादांना हेरांची हकिकत ऐकवली. खचलेल्या या पाहुण्याच्या शेवटच्या दिवसांविषयी तेरादांनी पुढे, १९३५ मध्ये, एक निबंध लिहिला.

त्या रात्री काय झालं याचा निवाडा आता कोणी करू शकत नाही. काहींनी ती आत्महत्या मानली. औषधाच्या धुंदीत माणूस घेतलेली मात्रा विसरतो आणि पुन्हा घेतो, हेही बार्बिच्युरेटच्या काळात डॉक्टरांनी वर्णन केलेलं आहे. टोकियोत दहन झालं. अस्थी नॉर्वेला पोहोचल्या आणि १९१९ मध्ये ऑस्लोत शासकीय इतमामाने त्यांना निरोप देण्यात आला.

त्यानंतर सिद्धांताचाही अंत झाल्यासारखं झालं. इंग्लंडमध्ये सिडनी चॅपमन यांचा या विषयावर दबदबा होता. त्यांचं गणित सुबक होतं आणि त्यानुसार चुंबकीय वादळांचे प्रवाह वातावरणाच्या वरच्या थरातच आडवे फिरत होते, अवकाशातून कुठलाही उभा प्रवाह लागत नव्हता. जमिनीवरच्या चुंबकसूचीला दोन्ही चित्रं सारखीच दिसतात, ही खरी अडचण होती. खालून पाहून निवाडा होणारच नव्हता. स्वीडनचे हानेस आल्फव्हेन एवढेच बिर्कलँड यांची बाजू घेत राहिले आणि बराच काळ त्यांनाही कोणी मनावर घेतलं नाही.

निवाडा केला तो एका नौकानयन उपग्रहाने. १९६३ मध्ये अमेरिकेने सोडलेल्या या उपग्रहात चुंबकीय क्षेत्र मोजण्याचं उपकरण होतं. अकराशे किलोमीटरच्या आसपास उंचीवरून ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यावरून जाताना प्रत्येक वेळी ते हलत होतं. आधी ती एखादी लाट समजली गेली. १९६७ मध्ये कमिंग्ज आणि डेसलर यांनी दाखवून दिलं, की हे अवकाशातून बलरेषांना धरून उतरणारे आणि चढणारे प्रवाह आहेत. सत्तरच्या दशकात ट्रायड नावाच्या उपग्रहाने त्यांचा नकाशाच काढला. शास्त्रज्ञांनी त्यांना बिर्कलँड प्रवाह हे नाव दिलं. या प्रवाहांची एकूण बेरीज दहा लाख अँपिअर किंवा त्याहून अधिक भरते. घरातला मोठा एसी दहा-पंधरा अँपिअरही खात नाही.

एका बाबतीत बिर्कलँड चुकले होते, आणि ती चूकही बोलकी आहे. त्यांच्या पेटीत सूर्यापासून पृथ्वीपर्यंत मोकळी वाट होती. प्रत्यक्षात सौरवारा सेकंदाला सुमारे चारशे किलोमीटर वेगाने येतो आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर थडकतो. सूर्याच्या बाजूला पृथ्वीपासून साधारण साठ-पासष्ट हजार किलोमीटरवर या दोघांची शीव आहे. बहुतेक कण या शिवेवरून, पुलाच्या खांबाला वळसा घालणाऱ्या पाण्यासारखे, बाजूने निघून जातात. मात्र सौरवाऱ्यातलं चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट दिशेचं असलं, की शिवेवर बलरेषा तुटतात आणि एकमेकींना नव्याने जोडल्या जातात. दार उघडतं. ऊर्जा आणि कण आत येतात, पृथ्वीच्या मागे लांबलेल्या चुंबकीय शेपटीत साठतात, आणि तिथून इलेक्ट्रॉन वेग घेत ध्रुवांकडे झेपावतात. शेवटच्या काही हजार किलोमीटरमध्ये त्यांना विजेचा आणखी एक धक्का मिळतो. हवेवर आदळताना कित्येकांचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या पाचव्या हिश्शापर्यंत गेलेला असतो. २०१५ मध्ये नासाने एकमेकांजवळून उडणारे चार उपग्रह फक्त याच शिवेवर इलेक्ट्रॉन कसे वागतात हे पाहायला पाठवले. भारताचं आदित्य-एल१ जानेवारी २०२४ पासून पंधरा लाख किलोमीटरवर उभं राहून हाच सौरवारा पृथ्वीकडे येता येता मोजतं आहे.

हाल्डेवरच्या दगडी वेधशाळेला दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याने आग लावली. नंतर ती पुन्हा बांधून काढली गेली आणि उन्हाळ्यात लोक डोंगर चढून ती पाहायला जातात. बार्बिटाल औषधांच्या दुकानातून केव्हाच गेलं. दोनशे क्रोनरची बिर्कलँड यांची नोट १९९४ मध्ये आली. तिच्यावर त्यांच्या चेहऱ्याबरोबर टेरेलाही होता. मे २०१७ मध्ये, त्यांच्या मृत्यूला शंभर वर्षं व्हायला दोन आठवडे उरले असताना, तिच्या जागी नवी नोट आली. तिच्यावर कॉड माशाचं चित्र आहे.